एक जादा

दीघ्याच्या नाक्यावर माझं झेरॉक्सचं दुकान,
आठ बाय सहा.
रेव्हरंड शमुवेल मकासरे पहिल्यांदा आले
तेव्हा प्रत पन्नास पैशांना होती.
म्हणाले, मढवी, दोन काढा,
नि एक जादा.

ही जादा कशाला, मी वर्षभरानं विचारलं.
"एक कारकून हरवतो, एक ज्याची त्याच्याकडून हरवते.
एक आपल्याकडे असावी."

त्यांची मंडळी चाळीसेक घरांची,
नगरकडून कंपन्यांच्या मागे आलेली.
कंपन्या गेल्या, घरं राहिली.
उपासना पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत.
रविवारी दहा ते बारा गिरणी बंद, असा तोंडी करार,
तरी पेटीच्या भात्यात पीठ जायचंच;
गाण्याआधी ती एकदा खोकायची
आणि लोक उभे राहायचे.

बाकी सहा दिवस ते माझ्या काउंटरवर,
कोपऱ्यावर कोपर टेकून, दुसऱ्यांचे फॉर्म भरत.
त्यातले निम्मे त्यांच्या मंडळीचे नव्हतेच.
आमच्या आईचा हयातीचा दाखला त्यांनीच लिहिला.
आई म्हणाली, पाद्रीबाबा,
मी जिवंत हाय हे यांना लिहून द्यायचं?
ते म्हणाले, आई, मलाही दर रविवारी द्यावं लागतं.

एक अर्ज मात्र त्यांचा स्वतःचा.
विषय: ख्रिस्ती दफनभूमीसाठी जागा मिळणेबाबत.
खाली संदर्भांची यादी,
दर वर्षी एका ओळीनं लांब.
कोणी गेलं की टेम्पो खाडीपलीकडे न्यायचा,
दुसऱ्यांच्या भूमीत, दुसऱ्यांच्या पंचांना हात जोडून,
आणि तिथला माणूस विचारणार, किती वेळ लागेल?

योसेफ उजगऱ्याचं मूल तीन दिवसांचं होतं.
त्याला टेम्पो कशाला.
रेव्हरंड रिक्षात बसले, खोकं मांडीवर.
संध्याकाळी दाखल्याची झेरॉक्स काढायला आले,
बुटांना लाल माती.
दोन, म्हणाले.
मी थांबलो.
पुढं काही बोलले नाहीत.

जानेवारीत तेही गेले.
निरोपाच्या चिठ्ठ्या मीच काढल्या, पैसे घेणार नव्हतो.
पाळकीणबाईंनी काचेवर नोट ठेवली, वर पंच ठेवला,
म्हणाल्या, त्यांच्या नावावर उधारी नको.
टेम्पो खाडीपलीकडे गेला.
मी शटर अर्धं ओढून उभा होतो,
पूर्ण ओढावं की नाही, सुचेना.

माझ्याकडे एक पुठ्ठ्याचा खोका आहे.
लोक झेरॉक्स नेतात, मूळ विसरतात.
होळीआधी तो साफ करायला घेतला:
कुणाचं जातप्रमाणपत्र, कुणाची लग्नपत्रिका,
आणि खाली
स्मरणपत्र क्रमांक सतरा.
सही आहे. तारखेची जागा कोरी.
तारीख ते खिडकीपाशी उभं राहून घालायचे,
म्हणायचे, आदल्या दिवशी लिहिली की खिडकी बंद निघते.

ऐरोलीला गेलो. खिडकी उघडी होती.
तारीख मी घातली.
माझा पाच नऊसारखा दिसतो,
एका कागदावर दोन माणसं आहेत हे कुणालाही कळेल.
आवकवाल्या बाईंनी कागद पाहिला, मला पाहिलं,
साहेब नाही आले?
नाही, म्हटलं.
त्यांनी शिक्का मारला. शाई संपत आली होती,
म्हणून पुन्हा मारला.

परत आलो तर दुकानासमोर एक पोरगी,
बारावीची गुणपत्रिका छातीशी धरून,
किती वेळची उभी होती कोण जाणे.
दादा, दोन काढा.

मी तीन दाबलं होतं.