अकरा सेकंद

शुक्रवारी नऊ वाजता तांबोळी
वारज्यातल्या गॅरेजचं शटर अर्ध्यावर ओढतो.
पंक्चरच्या टबावर फळी, फळीवर टीव्ही,
आम्ही काढून ठेवलेल्या स्कूटरच्या सीटांवर.
उल्कावीर. सीझन सहा. मराठीत डब केलेला.
त्याचे ओठ आधी थांबतात,
वाक्य मागाहून येतं, माळवाडीच्या बससारखं,
आणि येतं तेव्हा खचाखच भरलेलं.

मी टेलर. पिको, फॉल, अल्टरेशन.
सहा वर्षं मी एकच विचारतेय :
चेन कुठंय?
गळ्यापासून टाचेपर्यंत अंगाला चिकटलेला सूट,
ना हूक, ना काज, ना नाडी,
हा माणूस त्यात शिरतो कुठून?
आणि लागली म्हणजे?
(तांबोळी म्हणतो, वैनी, वडापाव खातोय.)
अख्खी इमारत अंगावर कोसळते
आणि ह्याची काख उसवत नाही.
माझ्याकडच्या पोरींची गरब्याच्या पहिल्या रात्री उसवते.

केदारी भोसरीत लेथवर.
यंत्रमानव आला की तो पुढे सरकतो,
गुडघ्यात बेअरिंग शोधतो, सापडत नाही.
"ग्रीस कुठून भरायचं, भाऊ?" तो पडद्यालाच विचारतो.
पराडकर सिमला ऑफिसातून निवृत्त, हवामान खातं.
खलनायक बोट वर करून वादळ आणतो
तेव्हा ते चष्मा पुसतात, म्हणतात,
एवढं सोपं होतं तर
छत्तीस वर्षं आम्ही शिव्या का खाल्ल्या?

आणि संज्योत, अकरावीला फिजिक्स शिकवते.
गच्चीवरून पडलेल्या बाईला
तो जमिनीच्या वीतभर वर झेलतो.
"हात काय नि फरशी काय," संज्योत म्हणते,
"एवढ्या वेगात दोन्ही सारखेच. तुकडे व्हायला हवेत."
हे ती प्रत्येक सीझनला सांगते.
झेललं की पहिली टाळी तिचीच.

तसा तो तीनदा मेलाय.
पहिल्या वेळी मी रडले, खरंच,
पदराला डोळे पुसले, गिऱ्हाइकाचा होता.
दुसऱ्या वेळी केदारीनं भजी मागवली.
तिसऱ्या वेळी तांबोळी म्हणाला,
तेराव्याचं बघू नका कोणी,
स्वतःच येईल जेवायला.

मग परवाचा भाग.
चंद्रावरच्या मनोऱ्याची साखळी तुटते,
शक्ती गेलेली, झगा पेटलेला,
तो पृथ्वीकडे पडत येतो, खाली एक शहर,
ढग संपतात, छपरं दिसायला लागतात,
आणि क्रमशः.
मंगळवारी संज्योतचा फोन : बंद केली मालिका.
सातवा सीझन नाही.

"असं कसं बंद?" केदारी ओरडला,
ज्यानं सहा वर्षांत एका भागाला बरं म्हटलं नव्हतं.
"निदान खाली तरी उतरवा त्याला."

शुक्रवारी नऊला शटर अर्ध्यावर.
कोणी कोणाला बोलावलं नव्हतं.
टीव्ही काळा, त्यात आम्ही पाच जण वाकडेतिकडे.
बराच वेळ टबातल्या बुडबुड्याचा आवाज,
तांबोळी उगाच एक ट्यूब तपासत बसलेला.
मग संज्योत उठली, खडूनं
शटरच्या आतल्या बाजूला गणित मांडलं :
उंची, वेग, हवेचा विरोध.
"जमिनीला लागायला अकरा सेकंद आहेत त्याच्याकडे."

पराडकर म्हणाले, मी खालून वारा देतो,
खोटा नाही, तापलेल्या डोंगरउतारावरून
दुपारी चढतो तो, नोंदी आहेत माझ्याकडे.
केदारीनं पाकिटाच्या पाठीवर
खांद्याच्या सांध्याचं चित्र काढलं, ग्रीसच्या भोकासकट.
मी नव्या झग्याचं माप सांगितलं, डोळ्यांच्या अंदाजानं,
औरेब कापायचा, म्हणजे हवा धरेल,
दुहेरी शिवण,
आणि डाव्या कुशीला, एकदाची,
बारा इंची चेन.

ही झाली दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट.
अजून तो वरच आहे.
गेल्या शुक्रवारी आम्ही चौथ्या सेकंदापर्यंत आलो.
केदारीला वारा पटलेला नाही.