विभक्ती

कार्लाइलला मंगळवारी संध्याकाळी
ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर लॅटिन असायचं.
आम्ही पाच जण आणि एक हीटर, तोही खोकणारा.
वारा फिरला की बिस्किटांच्या कारखान्याचा
भाजका वास थेट आत.

"आधी क्रियापद शोधा," एनिड थ्वेट सांगायच्या,
आणि निवृत्त पोस्टमन गार्थ
वाक्यभर दारोदार हिंडायचा
शेवटच्या घरी पत्ता लागेपर्यंत.
मी शोधायचेच नाही. थांबायचे.
आमच्याकडे सगळे असंच बोलतात:
कोण, कुणाला, कुठे, कशापायी, सगळं मांडून होतं
आणि मग काय केलं ते.
'नाही'सुद्धा ऐकायला शेवटपर्यंत बसावं लागतं.

माझी फजिती वेगळी.
'मोठ्या' पहिल्या ओळीत, 'दुःखाने' चौथीत,
मध्ये नदी, सैन्य, कुणाचा तरी मेहुणा.
यांचं नातं ओळखायचं कसं?
"शेपूट बघ. शेपूट जुळलं की घर एक."
मी वहीत लिहिलं: विभक्त, पण विभक्तीने बांधलेले.
हे त्यांना इंग्रजीत सांगता आलं नाही.

वाक्य संपत आलं की त्या टेबलावर बोटं वाजवायच्या,
गुरू लघु गुरू, गुरू गुरू.
"गद्यानेही पायऱ्यांवरून उतरावं. उडी मारू नये."

फेब्रुवारीत त्यांना झटका आला.
वॉर्डात गेले तर उजवा हात चादरीवर ठेवून दिल्यासारखा,
शब्द सगळे जागेवर,
म्हणजे जागेवर नव्हते, पण होते.
"खिडकी. मांजर. शेजारीण. दूध. मंगळवार."
नर्स म्हणाली, काही अर्थ लागत नाही.
खरंच आहे. इंग्रजी शब्दाला शेपूट नसतं,
रांग मोडली की नातं तुटतं.

मी खुर्ची ओढली.
मनातल्या मनात एकेकाला जरा वाकवलं,
प्रत्यय लावले:
खिडकीतून. मांजराला. शेजारणीने. दूध. मंगळवारपासून.
राहिलं क्रियापद.
"दिलं," मी विचारलं, "की नाही?"
मान हलली. कुठल्या बाजूला, ते नीट कळलं नाही.

मग डावा हात पलंगाच्या दांडीवर गेला.
गुरू, लघु, गुरू,
गुरू,
आणि पाचवं बोट जेमतेम टेकलं.
"चालतं," मी म्हटलं, "शेवटचं अक्षर कसंही चालतं,
तुम्हीच शिकवलंय."
घराची किल्ली त्यांच्या पर्समधून घेतली.
वाटेत, पूल ओलांडायच्या आधी,
दूध घेतलं.