दोन अंश मागे

जालन्याच्या वसाहतीत, सळईच्या कारखान्यामागं,
हैदर मिस्त्रीच्या टेबलावर एक पिस्टन आहे.
माथ्याला भोक, भोकाच्या कडा
मेणासारख्या ओघळून गोठलेल्या.
त्यात तो पेन खोचतो.
'कुणाचा?' मी विचारलं.
'माझाच. सव्वीसचा होतो तवा.
हवा फुकट असती, असं वाटायचं.'

मेची दुपार होती.
माझी गाडी चौथ्या मालकाची, टर्बोवाली,
बियाण्यांच्या कंपनीतल्या पगाराला
अजून चौतीस महिने चावणारी.
मी मोबाइलवर आकडा दाखवला: एवढे घोडे पाहिजेत.
त्यानं आकडा बघितला नाही.
बॉनेटवर तळहात ठेवला, लेकराचा ताप बघतात तसा,
आणि म्हणाला,
'आधी हिला काय दुखतंय ते तर इचारू.'

चारही प्लग काढून फडक्यावर मांडले.
तीन बिस्किटाच्या रंगाचे.
तिसऱ्या सिलिंडरचा मात्र चुन्यासारखा पांढरा,
वर मिरपूड उडाल्यागत ठिपके.
शगुफ्ता, त्याची थोरली, ओढणी कमरेला खोचलेली,
टॉर्च तोंडात धरून वाकली, मग टॉर्च काढून बोलली:
'हवा पोटभर, पेट्रोल अर्धपोटी.
अन् तुम्ही म्हणताय, अजून हवा घाल.'

दाब मोजला. चारही घरांत अजून जीव होता.
'नशीब,' मिस्त्री म्हणाला, आणि नशिबावर काही सोडलं नाही.
इंजेक्टर अर्धा बुजलेला निघाला, तो गेला.
पंप गेला. प्लग एक नंबर थंड घेतले,
त्यांची फट पत्ती लावून बारीक केली.
मग मोठा इंटरकूलर,
कारण पुस्तकातली हवा पंचवीस अंशांची
आणि आपली त्रेचाळीसची.
तीन शनिवार गेले. घोडा एकही वाढला नाही.
माझे पैसे अशा जागी जाऊन बसले
जिथं ते कुणालाच दाखवता येत नाहीत.
मित्र विचारायचे, 'काय केलं रे गाडीला?'
मी म्हणायचो, 'काम चालूय.'

मग एका रात्री शगुफ्तानं लॅपटॉप जोडला.
वसाहतीच्या टोकाला रस्ता झालाय, प्लॉट अजून रिकामे,
दिव्याचे खांब उभे पण दिवे नाहीत.
तेल तापेस्तोवर दहा किलोमीटर बैलगाडीच्या चालीनं.
मग तिसरा गिअर, आणि पाय तळाला.
पाठ सीटला चिकटली,
मी मोठ्यानं काहीतरी ओरडलो, शब्द नव्हता तो.
मागच्या सीटवर मिस्त्री डोळे मिटून:
'साफ हाय. वाजत नाही.'

शगुफ्ता बोलली नाही.
पडद्यावर तिसऱ्याच्या सरळ रेषेत
तीन काटे, बाभळीचे असावेत तेवढे.
'अब्बा, वाजतंय.'
'मला तर...'
'वाजतंय, अब्बा.'

तीस वर्षं सळईच्या कारखान्याची भिंत पाठीशी.
पेचकस टेकवून, दांडा कानाशी धरून
जो व्हॉल्व्हची ढिलाई केसाच्या मापानं सांगायचा,
त्याच्या कानातले सगळ्यात वरचे आवाज
कधी उठून गेले
हे त्याला कुणी कळवलं नव्हतं.
आज कळलं, माझ्या गाडीत, माझ्यासमोर.
मी आरसा फिरवून रस्त्यावर लावला.

इंजिन लगेच बंद करायचं नसतं.
टर्बो आतून लाल असतो,
त्याला दोन मिनिटं नुसतं फिरू द्यायचं असतं.
ती दोन मिनिटं आम्ही तिघं
डॅशबोर्डच्या उजेडात बसलो.
किबोर्ड वाजला थोडा.
ठिणगी दोन अंश मागे.
माझ्या आकड्यातले अकरा घोडे गेले
आणि मी हिशेब विचारला नाही.

'दाब परत,' मिस्त्री म्हणाला.
मी दाबला.
या खेपेला त्यानं डोळे मिटले नाहीत.
पुढं झुकला, इंजिनाकडं नाही,
लेकीच्या तोंडाकडं बघत राहिला.
'आता?'
ती पडद्यावरून नजर न काढता, जरा मोठ्यानं:
'आता नाही, अब्बा.'