दोन गॅस्केट जास्तीची ने

राजारामपुरीत, झेरॉक्सच्या रांगेत तू भेटलीस, सुनीती,
हातात डिग्री, मार्कलिस्टा, पोलिसांचा दाखला.
"मॅडम, व्हिएतनामला निघालो. इंग्लिश शिकवायला.
तुम्ही जाऊन आलाय न्हवं? सांगा की कायतरी."

मशीनचा हिरवा उजेड तुझ्या नावाखालून सरकत गेला.
मी म्हटलं, कुकरची दोन गॅस्केट जास्तीची ने.
तू हसलीस.
मी चेष्टा करत नव्हतो.

पासपोर्ट कुणाच्या खणात ठेवू देऊ नको,
"दोनच दिवस" म्हणाले तरी.
सुट्टीच्या महिन्यांचा पगार देतात का, आधी विचार,
लाज सोडून, मार्केट यार्डात भाव विचारतात तसा.
चटणी तीन पिशव्यांत बांध.
विमानतळावरच्या कुत्र्यालासुद्धा कांदा-लसूण कळतो.

शेजारच्या वर्गावर एक गोरा पोरगा होता, बाविशीचा.
स्पेलिंग मला विचारायचा. पगार माझ्या दुप्पट.
हे ऐकून जाऊ नको असं नाही.
ऐकून जा.

आणि ते म्हणतील, नाव जरा सोपं करूया.
शैलजा इंगवलेची टीना व्हायला
एक सही पुरली.
मग म्हणाले, पालकांना सांगा, लहानपण लंडनला गेलं.
सांगितलं मी.
हे अजून घरात कुणाला बोललो नाही.

मिन्ह नावाचा पोरगा होता, तिसरीतला.
रोज विचारायचा, लंडनला तुमच्या घराजवळ काय होतं?
मी सांगायचो ते सगळं खरं असायचं,
गाव तेवढं खोटं.
तळं होतं. म्हशी होत्या. संध्याकाळी त्या रस्त्यानं
गोठ्याकडं निघाल्या की मोटारी थांबायच्या,
हॉर्न कोण मारायचं नाही.
जाताना त्यानं चित्र दिलं:
उंच घड्याळ, आणि खाली, घड्याळापेक्षा थोडी मोठी,
शिंगाला रिबन बांधलेली म्हैस.
कपाटात आहे, साड्यांच्या खाली.

इंग्रजीत एक बरं होतं.
"मी आलो" म्हटलं म्हणून पुण्यात पोरी हसल्या होत्या,
बाई असून आलो काय.
तिथं 'आय'ला कुणी विचारत नाही तू कोण.
सुरुवातीला मोकळं वाटलं.
नंतर नंतर खरंच कुणी विचारेना.

जीभ दातांमध्ये धरा, हळू हवा सोडा,
चाळीस पोरांना मी हे शिकवत होतो
तेव्हा इथं आण्णांची जीभ आडवी झाली.
गुळाचा सौदा पुकारताना
यार्डाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाणारा माणूस.
भावानं दोन आठवडे कळवलंच नाही.
बावड्याची एक मुलगी यायची, तिनं त्यांना
आ शिकवला. मग प. मग पाणी.
मी मोबाइलवर बघायचो, रेंज जाईपर्यंत.
फी सगळी मीच भरली.
तेवढं लक्षात ठेवतात लोक, मलाही तेवढंच आठवतं.

कराराचे सहा महिने उरले होते.
मोडला तर दंड, तिकीट, शेवटचा पगार बुडणार.
वहीत मांडून बघितलं.
राहिलो.

आलो तेव्हा आण्णा खाटेवर बसलेले.
माझ्याकडं बघितलं, ओठ जुळवले,
सोडले, परत जुळवले,
आणि म्हणाले, "टीना."

त्या मुलीचा दोष नाही.
व्हिडिओत पोरं हाक मारायची ती तिनं ऐकलेली.
शैलजा अवघड जात होतं त्यांना.
टीना सोपं.
पुढं साडेतीन वर्षं मी त्याच हाकेला 'ओ' दिली.

जा तू. नको म्हणणार नाही मी,
नको म्हणणारे इथं गल्लीला चार आहेत.
पोरगा विचारतोय, किती कॉप्या?
पाच सांग. सहा सांग.
आणि हे बघ, गॅस्केट पाच लिटरचंच घे,
तीनचं बसत नाही.
मी तेच घेऊन गेलो होतो.