सारोपंताची वंशावळ

गप उभा राहा. पाय दे.
खुरांवरची ही केसांची झालर
कादव्याचा काळा चिखल बघून कुणी विणलेली नाही.
रोज संध्याकाळी एकेक बट मलाच सोडवावी लागते.

कागदावर तू सर रॉबर्ट.
निफाडच्या बाजारात सारोपंत.
सारोपंत जेवले का, विचारतात मला,
मी सांगतो, जेवले. चार शेर हरभरा, वर गूळ.
मी काय जेवलो ते विचारत नाहीत.

तुझा बाप मला तोंडपाठ आहे.
तपासणीचा साहेब आला की दामले कारकून
खड्या आवाजात वाचतो,
हा अमक्याचा, तो तमक्याचा, त्याची आई अमकी,
तिनं कुठल्याशा जत्रेत बक्षीस मारलेलं.
पाच पिढ्या, बोटीनं आलेल्या.
साहेब मान हलवतो. तूही हलवतोस, माशीपायी.
मी लगाम धरून उभा, हैबती कोंडाजी.
कोंडाजीच्या बापाचं नाव कुणी विचारलं
तर मला खोकला येतो.

घोडीचा रकाना अरुंद आहे.
एकच शब्द मावतो त्यात: देशी.
मग रंग, मग उंची, मुठींत.
मालकाचं नाव मात्र वडिलांसकट.

तू आलास तेव्हा लोक हसले होते.
नांगराला बैल आहेत, हा हत्ती कशाला?
मग कळलं, लावणी फुकट,
आणि शिंगरू दणकट निघालं
तर फौज तोफेसाठी घेते, दोनशे मोजून.
चांदोरी, सायखेडा, पार नांदूरपर्यंतच्या घोड्या
या लिंबाखाली बांधल्या गेल्या.

राधू सानपाची चिमणी त्यातलीच.
बारा मुठी. चांदवडचा घाट
मिठाच्या गोणी घेऊन चढलेली,
पाठीवर घट्टा, पानसुपारीच्या तबकाएवढा.
म्हणालो, राधू, परत ने. झेपायची नाही हिला.
राधू म्हणाला, दोनशे.
साहेबाचा हुकूम होता, तेरा मुठींखाली नको.
दामल्यानं तेरा लिहिलं.
तोंड मी धरलं होतं तिचं.

अकरा महिन्यांनी, रात्री, राधूची हाक.
खांद्यापर्यंत हात घालून
तुझ्या लेकाचे पाय ओढले मी,
तुझेच पाय, संपता संपेनात.
तो आला. ती उठली नाही.
राधूच्या बायकोनं त्याला बकरीच्या दुधावर धरलं.

वहीत आलं: नर, तांबडा, जिवंत.
म्हणालो, रावसाहेब, तिचंही लिहा कुठंतरी,
गेली म्हणून तरी.
रकाना नाही, म्हणाला.
मी डोकावलो. खरंच नव्हता.

पितृपंधरवड्यात नाशकाला गेलो.
रामकुंडाच्या पायरीवर उपाध्यांनी
लाल बासनातून आमची वही काढली
आणि कोंडाजीच्या बापाचं नाव
चारचौघांत वाचलं: मल्हारी.
त्याच्या बापाचं: सुभानजी.
इतकी वर्षं गाठीत बसून होते दोघं
आणि मी इकडे खोकत होतो.

आणखी कोण गेलं, लेखणी बुडवत उपाध्ये म्हणाले.
चिमणी.
लेक?
खाली कुंडात कुणी बाई
तांब्या विसळत होती, पुन्हापुन्हा.
मी तिकडेच बघत राहिलो.
त्यांनी लिहिलं. वर वाळूही टाकली.

मंगळवारी तुझा लेक गेला,
निफाड ठेसनावरून, मालाच्या डब्यात.
दोन वर्षांचा, पण चढेना.
माझ्या सदऱ्याची बाही फाडली त्यानं.
राधूला एकशे ऐंशी मिळाले,
वीस कसले कापले ते कुणाला कळलं नाही.
डब्याच्या फटीतून एक नाकपुडी दिसत होती,
ती तिची. तुझी एवढी बारीक नाही.

दुसरा पाय दे.
हा नव्हे, सारोपंत. दुसरा.