वीस ग्रॅम

सकाळी साडेसहाला वजन करतात.
तोवर आम्ही बाहेर बाकावर, चपला रॅकमध्ये,
निकालाला बसल्यासारखे.
पहिली : वीस वाढली.
दुसरी : दहा घटली.
मग दिवसभर मी एकीसाठी खूश
आणि दुसरीसाठी गुन्हेगार.

एकोणतीस आठवडे. नावं नाहीत अजून.
पायाला पट्ट्या : बेबी ऑफ सुनेत्रा, एक.
बेबी ऑफ सुनेत्रा, दोन.
बारशाचा बारावा दिवस
दुसरीच्या काविळीच्या दिव्याखाली
निळा निळा होऊन गेला.

हेरंब वाण्याकडे गेला,
म्हणाला, आठशे नव्वद ग्रॅम साखर द्या.
वाणी म्हणाला, किलोच घ्या की.
हा हट्टाला पेटला.
ती पुडी तळहातावर धरून शिवडी नाक्याला
किती वेळ उभा होता कुणास ठाऊक.
चहात घालू दिली नाही.
अजून फडताळात तशीच आहे, दोऱ्यानं बांधलेली.

सहाव्या रात्री आई म्हणाली,
आज सटवाई येईल, कपाळावर लिहून जाईल,
उशाशी कोरा कागद ठेवा.
उशी नाही, आई. कपाळही नाही,
भुवयांपर्यंत लोकरीची टोपी आहे.
आणि आत यायचं तर तिलाही
कोपरापर्यंत हात धुवावे लागतील,
घड्याळ बघून दोन मिनिटं,
बांगड्या काढून.
काढेल का ती बांगड्या?
आई गप्प झाली.
मग म्हणाली, लेकरासाठी काढेल.

दुसरी श्वास घ्यायला विसरते.
असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते,
श्वास काय विसरायची गोष्ट आहे?
ब्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी.
यंत्र ओरडतं.
सिस्टर वायंगणकर पेन ठेवून येतात, धावत नाहीत,
तळव्याला टिचकी मारतात :
“ए बाय, घे गो. घेतलंस? शाणी ती.”
आणि ती घेते.
तेवढ्यात मी किती वर्षांची होऊन परत येते
ते त्यांच्या तक्त्यात भरत नाहीत.

विसरू नये म्हणून तिला कॅफीन देतात, थेंबानं.
आमच्या घरात कॉफी घेणारी ही पहिलीच.

रात्री दोनला मी दूध काढते.
चाळ झोपलेली, लांब बंदरात एक दिवा,
आणि पंपाचा तो भाकड आवाज.
उजवीकडे बारा मिली. डावीकडे चौदा.
डबीवर नाव, तारीख, वेळ.
पहिल्या दिवशी हेरंबनं ती
मासळीवालीकडच्या बर्फात घालून नेली.
वॉर्डभर बोंबलांचा वास.
सिस्टर ओरडल्या, मग तोंड फिरवून हसल्या.
त्या वॉर्डात हसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

एकेचाळिसाव्या दिवशी पहिलीला सोडलं.
सतराशे ग्रॅम. घरी न्या, म्हणाले.
ह्याच वाक्यासाठी मी इतके दिवस जगले होते
आणि आता लिफ्टपाशी उभी होते, बटण न दाबता.
लिफ्ट दोनदा येऊन गेली.
काचेपलीकडे दुसरी, शेजारची पेटी रिकामी,
तिथली चादर बदलायला कुणी आलेलं.

टॅक्सीवाल्यानं आरशातून बघितलं,
ताई, पहिलीच का?
हो, म्हटलं. ही पहिली.
पुढचं वाक्य परळपासून शिवडीपर्यंत तोंडात राहिलं.

घरात काहीच वाजत नाही.
ना आकडा, ना हिरवी रेघ.
अंधारात मी दर थोड्या वेळानं
तिच्या तळव्याला टिचकी मारते.
ती दचकून उठते, छातीभर रडते,
वरच्या मजल्यावर दिवा लागतो.
लागू दे.

साडेसहाला हेरंबचा फोन, बाकावरून.
आधी बोलेचना.
मागून सिस्टरांचा आवाज आला :
“सांग की तिला! वाढली, पाच वाढली!”
पाच ग्रॅम म्हणजे किती रे, मी विचारलं.
चहाचा चमचा, तो म्हणाला.
सपाट.