पॉइंट आठ

अकुरेयरीत मार्च म्हणजे अजून बर्फच.
शेडचं दार बंद ठेव, स्टेनुन.
वाऱ्याची एक झुळूक गॅस उडवून नेते
आणि टाक्याला पावासारखी भोकं पडतात.

नळीची भिंत अडीच मिलिमीटर.
तिला पॉइंट आठची तार पुरते.
तुझा काका एक-दोनची रीळ घेऊन आला होता,
फुकट मिळाली म्हणून.
म्हटलं, ती ट्रॉलरच्या बुडाला लाव.

गॅसवरून तीन दिवस भांडलो.
निव्वळ कार्बन डायऑक्साइड स्वस्त, खोल शिरतो,
पण थुंकतो फार.
आर्गॉन मिसळला की तोच विस्तव
तव्यावर चरबी वितळावी तसा बोलतो.
ऐंशी-वीस घेतला.
सिलिंडरपायी जुनं खोगीर विकलं, तुला सांगितलं नाही.

पहिला टाका देखणा आला,
नाण्यांची चळत कलंडावी तसा.
हेरमुंड फोटो काढत बसला.
मी तो सांधा कापला, व्हाइसमध्ये धरला.
तिसऱ्या घावाला सुटला, सालीसारखा.
खाली नळी कोरी.
नुसता वर बसला होता.

व्होल्ट वाढवले. पुन्हा.
अकरा घाव.
नळी फाटली, सांध्याशेजारी,
आणि सांधा जागचा हलला नाही.
मी एकटाच हसलो.

जूनमध्ये त्या काळ्या कड्यावरून
गाडी उलटेल. उलटतेच.
तू पट्ट्यांत लोंबकळत हात हलवशील,
लोक टाळ्या वाजवतील,
आणि मला आठवेल तुझ्या डोक्यामागचा डावा खांब:
तिथे उताणा पडून दिलेला टाका,
मध्येच हात थरथरला होता.

कानस दे इकडे.
तो आज कापतो.